बागेतली हत्यारं पेट्रोलवरून बॅटरीवर : कोकणात कितपत जमतं?

पोफळबाग (धागाकर्ता)

गणपतीत गावी आलेल्या मंडळींनी यंदा मला एकच प्रश्न विचारून भंडावलं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. "तुझा तो बॅटरीवाला वूडकटर कसा काय? आम्ही पण घेऊ का?"

उत्तर कामावर अवलंबून आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या गावच्या लाइटीवर.

आमचं थोडक्यात असं : गुहागर तालुक्यात घराला लागून नारळ-पोफळीचं आगर, वर कातळाच्या कडेला हापूसची कलमं, थोडी काजू. हत्यारांत जुना १८ इंची पेट्रोल वूडकटर (म्हणजे चेनची करवत), खांद्याला अडकवायचा पेट्रोल ग्रास कटर, आणि गेल्या काही हंगामांत जमवलेली ३६ व्होल्टची तीन यंत्रं : १२ इंची वूडकटर, गवताचा ट्रिमर आणि लांब दांड्याची छाटणीची करवत. तिन्ही एकाच कंपनीची, त्यामुळे बॅटरी एकमेकांना चालतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच घसरेल.

आधी पेट्रोलचा वैताग. टू-स्ट्रोकला ऑइल मोजून घालावं लागतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली, आणि कुठलं प्रमाण घ्यायचं ते इंजिन आणि ऑइल या दोघांवर ठरतं. आमच्याकडे गडी बाटलीच्या बुचाने ओततात. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? कॅनमध्ये पडून राहिलेलं मिश्रण फाटतं. पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल आणि ऑइल वर राहतं. टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला जे मिळतं त्यात ऑइलच नाही. शिवाय कार्बोरेटरचा पातळ पडदा आणि रबरी नळ्या कडक होतात ते वेगळंच. पावसाळाभर पडवीत टांगलेला ग्रास कटर दसऱ्याला दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी सुरू होत नाही, त्याचं बहुतेक वेळा हेच कारण.

बॅटरीवाल्यात हे काहीच नाही. बॅटरी खटकन बसवली, सुरक्षेचं बटण दाबून घोडा दाबला की चेन फिरते. दोन फांद्यांच्या मध्ये यंत्र गप्प बसतं आणि काही खात नाही.

आता दुकानदार सांगत नाहीत तो हिशेब. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. टू-स्ट्रोक इंजिन त्यातली बहुतेक धुरात आणि उष्णतेत घालवतं, तरी एक-दीड युनिट पात्यापर्यंत पोचतं. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर. गुणाकार करा : १८० वॉट-अवर, म्हणजे ०.१८ युनिट. लिटरभर पेट्रोलचं काम करायला अशा सात-आठ बॅटऱ्या लागतात. वूडकटरला हे चालून जातं, कारण छाटणीत प्रत्यक्ष कापणं थोडं आणि फांदी बघणं, सरकणं, कवळ (तोडलेला पाला) बाजूला ओढणं जास्त. ग्रास कटर मात्र सुरू केला की सतत फिरतच असतो. तिथे बॅटरी बघता बघता बसते.

म्हणून माझं मत : छाटणी, घराभोवतीचं आगर, पडवीसमोरचं गवत, पडलेल्या झावळ्यांचे तुकडे, एवढ्याला बॅटरी. कलमांखालचं पुरुषभर गवत आणि आडवं झालेलं खोड याला पेट्रोल. पेट्रोलवाला विकून टाका असं मी कुणालाच सांगणार नाही. तुमचे अनुभव लिहा, विशेषतः सेवा आणि बॅटरीच्या आयुष्याबद्दल.

---

कातळावरचा

लेख आवडला, पण ग्रास कटरबद्दल तुम्ही फारच सौम्य लिहिलंत. आम्ही राजापूर भागात बागा बेणायची, म्हणजे गवत-झुडपं काढायची, कामं अंगावर घेतो. चार माणसं, चार मशिनी, सकाळी सात ते दुपारी एक. माणशी चार-पाच लिटर पेट्रोल सहज जातं. तुमच्याच हिशेबाने मला माणशी तीस-पस्तीस बॅटऱ्या लागतील. कातळावर त्या चार्ज कुठे करू, सड्यावरच्या करवंदीच्या जाळीत?

पाठीवर घ्यायच्या मोठ्या बॅटऱ्या मिळतात हे माहीत आहे. त्यांच्या किमतीत आमच्या चारही मशिनी नव्या येतात.

---

ठाण्याचा चाकरमानी

माझ्यासारख्याचं काय? वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच गावी जाणं. दर वेळी पहिला दिवस मेकॅनिककडे कार्बोरेटर साफ करण्यात. गेल्या वेळी तर सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. मला अंगण आणि गडग्याकडेचं गवत एवढंच काम आहे.

---

पोफळबाग

@ठाण्याचा चाकरमानी, तुम्हीच बॅटरीचं खरं गिऱ्हाईक. फक्त एक पाळा : जाताना बॅटरी बंद घरात सोडून जाऊ नका. पूर्ण रिकामी ठेवली तर महिनोन् महिने पडून ती इतकी खाली जाते की चार्जर तिला ओळखतच नाही. पूर्ण भरून पत्र्याखाली मे महिन्याच्या उकाड्यात ठेवली तरी आयुष्य घटतं. निम्मी भरलेली, म्हणजे चारपैकी दोन दिवे, अशी करून ठाण्याला सोबत न्या आणि कपाटात ठेवा. यंत्र गावीच राहू दे.

@कातळावरचा, तुमच्याशी वादच नाही. अंगावर घेतलेल्या कामाला आज तरी पेट्रोलच.

---

चिपीमार्गे

सोबत नेण्यावरून आठवलं. चिपीला विमानतळ झाल्यापासून आम्ही कधीमधी विमानाने येतो. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, केबिनमध्ये १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. त्यावरची नाहीच. धागाकर्त्यांची १८० वॉट-अवरची बॅटरी विमानात चढणार नाही. १८ व्होल्ट ५ अँपिअरची, म्हणजे ९० वॉट-अवरची, चढते. घेताना हाही विचार करा. रेल्वेने येणाऱ्यांना हा प्रश्न नाही, तिथे बंदी आहे ती पेट्रोलच्या कॅनवर.

---

समुद्राकाठची ताई

आमचा दिवेआगरला छोटा होमस्टे आहे, त्यामुळे माझा मुद्दा जरा वेगळा. पाहुणे शनिवारी रात्री उशिरा येतात आणि रविवारी सकाळी आठला शेजारच्या वाडीत ग्रास कटर सुरू होतो. मग रिव्ह्यूमध्ये काय लिहून येतं ते विचारू नका. मी बॅटरीचा ट्रिमर घेतला आणि पाहुणे झोपलेले असताना कडेचं गवत काढून होतं. आवाज आहे, पण खिडकी बंद केली की आत येत नाही.

दुसरं म्हणजे पेट्रोलची दोरी ओढणं मला कधीच जमलं नाही. दर वेळी कुणाला तरी हाका मारायच्या. आता नाही मारत. बायकांनी विकत घेण्याआधी एकच बघावं, दुकानात यंत्र हातात धरून पाच मिनिटं उभं राहावं. बॅटरी मागे असते, वजन मनगटावर येतं.

पानं उडवायचा ब्लोअर मात्र मला फुकट वाटला. ओल्या वाळूवरची सुरूची काडी त्याने हलत नाही. खराटाच बरा.

---

खवट नारळ

खराटा बरा तसा कोयताही बराच की! आमचे आजोबा कोयत्याने आख्खं आगर सांभाळत होते. हल्ली यंत्र घ्यायचं, मग यंत्राची बॅटरी, मग बॅटरीला इन्व्हर्टर, मग इन्व्हर्टरला सोलर. आणि शेवटी पोफळी काढायला माणूस मिळत नाही म्हणून बाग ओस.

---

पोफळबाग

@खवट नारळ, आजोबांच्या वेळी कोयता धरणारे हात किती होते तेही सांगा :) आज गडी मिळाला तर तो तुमच्या सोयीने नाही, त्याच्या सोयीने येतो. कोयता माझ्याकडेही आहे आणि रोज लागतो.

---

मालवणी मसालो

आमच्या हयसर माकडां पेट्रोलच्या कटराचो आवाज ऐकान पळत. आता ह्यो मुको कटर इलो, तर बाजूच्या फांदयेर बसान बघतत. माझो चुलतो म्हणता, "त्येंका पण एक घेवन दी, कलमां छाटतीत."

---

श्रीवर्धनकर

मस्करी बाजूला ठेवून एक गंभीर गोष्ट. ३ जून २०२०. निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, तिकडे मुरूड आणि खाली मंडणगड-दापोली, सगळीकडे नारळ-पोफळी आडव्या झाल्या. दिवेआगरचं सुरूचं बन झोपलं. घरांवर आंबे पडले, रस्ते बंद, आणि विजेचे खांब इतके पडले की कित्येक वाड्यांना आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. त्या दिवसांत ज्याच्याकडे चालू पेट्रोल वूडकटर होता तो गावाचा राजा होता. घाटावरून लोक मशिनी घेऊन मदतीला आले, मुंबईहून कॅन भरून पेट्रोल आलं. तेव्हा माझ्याकडे बॅटरीवाला असता तर पहिल्या दिवशी दुपारीच तो खुंटीला गेला असता.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, त्याने सिंधुदुर्ग-रत्नागिरी झोडपली. म्हणजे हे कधीतरीच होतं असंही म्हणता येत नाही.

"आमच्याकडे छपरावर सोलर आहे" म्हणणाऱ्यांसाठी : अनुदानातून बसवलेलं बहुतेक सोलर ग्रिडला जोडलेलं असतं. लाईट गेली की ते आपोआप बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसं ठेवावंच लागतं. भर उन्हात छपरावर पॅनल चमकत असतात आणि घरात मोबाईलसुद्धा चार्ज होत नाही. वेगळी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच उपयोग.

---

फ्यूजवाला

वरच्या मुद्द्यात भर. लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चार्जर चालतो, पण इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. जुन्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर काही चार्जर गुरगुरतात, तापतात. जलद चार्जर असेल तर तो किती वॉट घेतो ते मागच्या पट्टीवर वाचा. पंखे आणि दिव्यांच्या हिशेबाने घेतलेला इन्व्हर्टर त्याने लवकर बसतो. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची लेड बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर, पण ती निम्म्याच्या खाली नेऊ नये. त्यातून ३६ व्होल्टच्या चारेक बॅटऱ्या भरतील. रस्ता मोकळा करायला तेवढं पुरतं, बाग साफ करायला नाही.

मे अखेर वळवाच्या विजा सुरू झाल्या की चार्जर प्लगमधून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही.

आणि लांब दांड्याच्या करवतीबद्दल हात जोडून सांगतो : तो दांडा अॅल्युमिनियमचा असतो, वीज त्यातून सरळ येते. आगरातून ११ केव्हीची लाईन गेली असेल तर तिच्या जवळपासची झावळी स्वतः कापायला जाऊ नका. नारळाची ओली झावळी तारेवर पडली तरी पुरे. महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्या.

---

भिरूड

धाग्यात आंब्याच्या छाटणीबद्दल कुणीच लिहीत नाहीये, आणि माझ्या मते बॅटरीचं सोनं तिथेच आहे.

जुनी कलमं उंच गेली की फवारणी पोचत नाही, मधे ऊन शिरत नाही, फळ फक्त शेंड्याला. ती उतरवायची, मधल्या फांद्या काढून उजेड आत घ्यायचा, बांडगूळ काढायचं. ही कामं पाऊस संपल्यावर, झाडावर चढून. पेट्रोल वूडकटर झाडावर दोरीने वर घ्या, एका हाताने फांदी धरा, दुसऱ्याने दोरी ओढा, हे ज्याने केलंय त्याला विचारा. गरम सायलेन्सर मांडीला लागतो. बॅटरीचा छोटा करवतवजा कटर (४ ते ६ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) कमरेला लटकवून गडी चढतो, हवा तेव्हा चालवतो. मनगटाएवढ्या फांदीला तेवढा बार भरपूर. पण एका हाताने धरून चालवू नका, चेनचं टोक दुसऱ्या फांदीला टेकलं की यंत्र उसळून अंगावर येतं. दोन्ही हात मोकळे राहतील असा पट्टा बांधूनच चढायचं.

जाड फांदी असेल तर आधी खालून तिसरा भाग कापा, मग थोडं पुढे सरकून वरून. नाहीतर फांदी मोडताना खोडाची साल हातभर ओरबाडत खाली येते आणि तिथून खोडकिडा शिरतो. शेवटी उरलेला ठुणका गाठीजवळ नीट कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची.

चिकाचं सांगतो. आंब्याच्या चिकाने चेनच्या कड्या कडक होतात, फणसाच्या चिकाने तर चेन बारच्या खोबणीत चिकटूनच बसते. पेट्रोल इंजिन रेटून नेतं. बॅटरीवाला आतल्या आत करंट वाढवत राहतो, तापतो आणि स्वतःच बंद पडतो. लोक म्हणतात यंत्र बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. बॅटरी बाहेर काढा, बार सोडवा, खोबणीतला काळा चिकट गाळ पातळ पत्र्याने खरवडा, चेन रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासा, ऑइल लावून परत बसवा.

---

कानस

माझं चिपळूणजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. दोन्ही प्रकार माझ्याकडे येतात, त्यामुळे कुणाची बाजू घेत नाही.

पेट्रोल मशीन बिघडलं तर नाक्यावरचा स्कूटरवाला मेकॅनिकसुद्धा खोलतो. प्लग, पडदा, फिल्टर, दोरीची स्प्रिंग, सगळं मिळतं. बॅटरी यंत्रात मोटर सहसा जात नाही. जाते बॅटरी, नाहीतर आतली सर्किटची पट्टी. ती माझ्याकडे होत नाही, कंपनीकडे पाठवायची. एका गिऱ्हाइकाची वॉरंटीतली बॅटरी कंपनीच्या सेवा केंद्रात गेली ती छाटणीचा हंगाम उलटल्यावरच परत आली. म्हणून यंत्र घेताना "बॅटरी बिघडली तर बदली कुठे मिळेल आणि किती दिवसांत" हे लेखी विचारा. पाच किलोमीटरवर दुकान आहे याचा अर्थ पाच किलोमीटरवर सेवा आहे असा होत नाही.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या छोट्या कटरच्या बॅटरीवर ४८ व्ही, ८८ व्ही असलं काहीही छापलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या अशा बॅटऱ्या मी खोलून बघितल्या, आत पाच-पाच सेलची जोडणी. एक सेल ३.६ व्होल्ट, पाचाचे १८, पूर्ण भरल्यावर २१. छापील आकडा ही फक्त शाई. झाडाच्या बारीक फांद्यांना ते खेळणं वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर फणस पाडायला जाऊ नका.

धार हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. धार असेल तर पोह्यांसारख्या चिरफळ्या पडतात. बारीक पीठ पडायला लागलं की थांबा. बोथट चेनने पेट्रोल जास्त जातं ते कुणाच्या लक्षात येत नाही, बॅटरी अर्ध्या वेळात बसते ते लगेच येतं. बॅटरीवाल्या १२-१४ इंची बारची चेन सहसा बारीक असते, तिला ४ मिमीची गोल कानस. मोठ्या पेट्रोलवाल्याची .३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) असेल तर ४.८ मिमीची. छोट्या ४ इंचीला त्याहूनही बारीक. एकच कानस सगळ्यांना लावून दात खराब केलेल्या चेन रोज बघतो. नारळाच्या खोडाला बाहेरून वाळू बसलेली असते आणि आत धागा, तिथे धार सर्वात लवकर जाते. आधी कोयत्याने वरची साल झाडून घ्या.

---

कातळावरचा

@कानस, खाऱ्या हवेचं काय? आमच्या एका ओळखीच्यांच्या बॅटरीच्या पितळी पट्ट्या हिरव्या झाल्या.

---

कानस

होतात. बॅटरी यंत्रात बसवून ठेवू नका, काढून घरात कोरड्या डब्यात. पट्ट्या सुक्या फडक्याने पुसा. पाणी मारून यंत्र धुऊ नका, ब्रशने भुसा झाडा. पेट्रोल मशिनी धुवायची सवय असते लोकांना, तीच इथे नडते. थोडा पाऊस सोसणारी यंत्रं असतात, पण ते पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच माना.

---

वणव्याचा वैरी

दिवाळीनंतर आम्ही बागेभोवती गवत काढून पट्टा मोकळा ठेवतो, फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यासाठी. एकदा सुकलेल्या गवतात गरम ग्रास कटर टेकवून त्यातच पेट्रोल भरताना आमच्या शेजाऱ्यांच्या बागेत भडका उडाला होता. पट्टा काढायला गेले आणि तिथूनच आग लागली. सुक्या गवतात काम असेल तर मी बॅटरीच वापरतो, मग चार वेळा घरी यावं लागलं तरी चालेल. पात्याने दगडावर ठिणगी उडते ती बॅटरीवाल्यातही उडते, त्यामुळे कातळावर धातूचं पातं नाही, नायलॉनची दोरी.

---

खवट नारळ

बरं, कोयत्याचं राहू दे. पण "बॅटरी म्हणजे पर्यावरण" असं कुणी म्हणू नका. लिथियम खाणीतून येतं आणि आपली वीज बहुतांशी कोळशातून.

---

फ्यूजवाला

बरोबर आहे, पण अर्धंच. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल आणि ऑइल न जळताच बाहेर येतं, आणि ते चालवणाऱ्याच्या तोंडाशी. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून नव्या छोट्या पेट्रोल यंत्रांवर, म्हणजे गवताची, ब्लोअर वगैरे, धूर शून्याची अट घातली ती याच कारणाने. तरी ४५ सीसी आणि त्यावरचे वूडकटर त्यांनीही त्यातून वगळले. जपानच्या मकिताने तर मार्च २०२२ मध्ये पेट्रोल इंजिनं बनवणंच बंद केलं. आणि गंमत म्हणजे जर्मनीच्या स्टिलने १९२६ मध्ये बनवलेला पहिला वूडकटर विजेवरचाच होता, पेट्रोलचा १९२९ मध्ये आला.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची आहे. दुकानात नेऊन द्या, कुरकुर केली तरी द्या.

---

समुद्राकाठची ताई

माझ्या दिरांना वर्षानुवर्षं पेट्रोल मशीन चालवून हाताची बोटं पांढरी पडून बधिर होतात, थंडीत जास्त. डॉक्टर म्हणाले कंपनाने होतं. बॅटरीवाल्याने तो त्रास कमी वाटतो म्हणतात. याबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं म्हणून.

---

पोफळबाग

ताई, हा फार महत्त्वाचा मुद्दा. कंपन कमी असतंच, पण बोटं बधिर व्हायला लागली असतील तर यंत्र बदलण्याबरोबर कामाचा वेळही कमी करायला हवा.

त्याला जोडून : आवाज कमी म्हणून लोक कानात काही घालत नाहीत, डोळ्यांवर चष्मा लावत नाहीत. बॅटरीची चेन तेवढीच कापते. पेट्रोलवाला बंद आहे की चालू ते दहा वाड्यांना कळतं. हा गप्प असतो आणि सुरक्षेचं बटण आणि घोडा चुकून एकत्र दाबले गेले की लगेच फिरतो. चेन घट्ट करायची, अडकलेली फांदी काढायची, कानस लावायची, काहीही करण्याआधी बॅटरी बाहेर. आमच्याकडे बॅटरी खिशात घातल्याशिवाय चेनला हात लावायचा नाही असा नियम आहे, मुलांनाही.

---

नवशिक्या बागायतदार

अनुदान मिळतं का यावर? आणि झाड तोडायला परवानगी लागते म्हणतात, ते खरं का?

---

भिरूड

ब्रश कटरला (म्हणजे आपल्या ग्रास कटरला) कृषी यांत्रिकीकरणातून महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज करता येतो. आधी पूर्वसंमती, मग खरेदी. उलटं केलंत तर पैसे गेले. बॅटरीचं मॉडेल मान्य यादीत आहे का ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

परवानगीचं खरं आहे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, साग ही झाडं आहेत, स्वतःच्या जागेतली असली तरी. फांद्या छाटणं वेगळं, बुंध्यातून तोडणं वेगळं. वूडकटर हातात आला की माणसाला सगळीच झाडं आड यायला लागतात.

---

ठाण्याचा चाकरमानी

सगळ्यांचे आभार. १८ व्होल्टचा ट्रिमर आणि दोन बॅटऱ्या घ्यायचं ठरवतोय. वूडकटर लागलाच तर वाडीत श्रीवर्धनकरांसारखं कुणीतरी असेलच :)

एक शेवटचा प्रश्न : बॅटरीच्या वूडकटरला पण चेन ऑइल लागतं का? दुकानदार नाही म्हणाला.

---

कानस

दुकान बदला. ऑइल लागतंच. बॅटरी वूडकटरची ऑइलची टाकी छोटी असते, म्हणजे उलट जास्त वेळा बघायला लागते. कागद समोर धरून चेन फिरवा, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

---

मालवणी मसालो

करंजेल चलात काय? घराक बाटली भरान आसा.

---

कानस

करंजाचं तेल चालतं, वनस्पती तेलं चेनला चालतात. पण काम झाल्यावर टाकीत ठेवू नका, घट्ट होऊन पंपाचं भोक बुजतं. पावसाळ्यात ठेवायच्या आधी टाकी रिकामी करून थोडं साधं चेन ऑइल फिरवा.